डेटाबेस जेव्हा भाषेचाच भाग होतो

मोबाइल फोनमधील संपर्कांपासून ब्राउजरमधील इतिहासापर्यंत असंख्य नोंदी सांभाळणाऱ्या ‘एसक्यूलाइट’चा जन्म ‘टीसीएल’ या भाषेचा विस्तार म्हणून झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. अमेरिकन नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठी प्रणाली तयार करताना रिचर्ड हिप यांना एक अडचण जाणवली. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की प्रणालीही निरुपयोगी ठरत असे. सर्व्हरच नको, या विचारातून ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती प्रकाशित झाली.

टीसीएल ही भाषा जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कले येथे घडवली. मूळ भाषा आटोपशीर ठेवायची आणि अधिकची क्षमता ‘सी’ भाषेतील ग्रंथालयांतून जोडायची, हे तिचे सूत्र. असा विस्तार तयार करण्यासाठी सी कंपायलर, टीसीएलच्या हेडर फाइल आणि एसक्यूलाइटचा स्रोत या तीन गोष्टी लागतात. संपूर्ण ग्रंथालय एकाच मोठ्या सी फाइलमध्ये एकत्र केलेले मिळते, त्यामुळे काम सोपे होते. ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या परिचित आज्ञा क्रमाने दिल्या की ‘शेअर्ड लायब्ररी’ तयार होते. लिनक्सवर तिचे नाव ‘एसओ’ने, तर विंडोजवर ‘डीएलएल’ने संपते. ‘लोड’ किंवा ‘पॅकेज रिक्वायर’ ही आज्ञा मिळताच टीसीएल तिच्यातील आरंभीचे फंक्शन चालवते आणि ‘एसक्यूलाइट३’ ही नवी आज्ञा भाषेत दाखल होते.

येथे काही पथ्ये पाळावी लागतात. ६४ बिटच्या टीसीएलमध्ये ३२ बिटचा विस्तार चालत नाही. ‘स्टब्ज’ या सोयीमुळे एका आवृत्तीसाठी बांधलेला विस्तार त्याच मालिकेतील पुढील आवृत्तीत चालतो. मात्र २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९ साठी जुना विस्तार पुन्हा कंपाइल करावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मात्र नजरेआड राहतो. एकाच प्रोग्राममध्ये एसक्यूलाइटच्या दोन स्वतंत्र प्रती जोडल्या गेल्या आणि दोन्हींनी एकच फाइल उघडली, तर युनिक्स आणि लिनक्सवर एका प्रतीने फाइल बंद करताच दुसरीने लावलेले कुलूपही सुटते. या प्रणालींत फाइलचे कुलूप संपूर्ण प्रक्रियेच्या नावे असते, हे त्याचे कारण. मग दोन ठिकाणांहून एकाच वेळी लेखन होऊन नोंदी कायमच्या बिघडू शकतात. सूचना मात्र कोणतीच मिळत नाही.

म्हणून विस्तार जोडण्यापूर्वी प्रोग्राममध्ये एसक्यूलाइटची आणखी एखादी प्रत आधीच आहे का, हे तपासावे. प्रत एकच ठेवावी. कंपाइल करणे काही मिनिटांचे काम आहे. गेलेल्या नोंदी मात्र परत आणता येत नाहीत.