शिलोहचा बुरूज आणि लिस्बनचा भूकंप : निर्दोषांच्या दुःखाचा प्रश्न

आज आपण एका जुन्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. देव न्यायी आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर ज्यानं काही वाईट केलं नाही त्याच्या वाट्याला दुःख का येतं? आपल्याकडे या प्रश्नाला पूर्वजन्मीच्या कर्माचं उत्तर दिलं जातं. ख्रिस्ती शास्त्रात ती सोय नाही. त्यामुळे तिथं हा प्रश्न जास्त उघडा पडतो.

सुरुवात ग्रंथापासून न करता एका सकाळीपासून करू. १ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांच्या स्मरणाचा सण होता. चर्च भरलेली होती, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या होत्या. साडेनऊच्या सुमारास जमीन हलू लागली आणि काही मिनिटांत छतं आणि कमानी प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळल्या. वाचलेले लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर समुद्राच्या लाटा आत आल्या. मग आगी लागल्या आणि त्या कित्येक दिवस धुमसत राहिल्या. सर्व संतांच्याच नावाचं मोठं रुग्णालय जळालं. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत. तीस ते चाळीस हजार हा आकडा बरेचदा सांगितला जातो.

आता लक्ष द्या, की या घटनेचा अर्थ कोणी कसा लावला. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी पुस्तिका लिहिली. त्यात त्यांनी लिस्बनच्या इन्क्विझिशनने सांडलेल्या रक्ताकडे बोट दाखवलं. फ्रान्समधल्या जेझुइटविरोधी पंथातल्या एका लेखकाने जेझुइटांना दोष दिला. आणि खुद्द लिस्बनमध्ये गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध जेझुइट धर्मगुरूंनी १७५६ मध्ये पत्रक छापलं : भूकंपाचं कारण नैसर्गिक नाही, शहराचं पाप हेच कारण. घरं बांधण्याची घाई करण्यापेक्षा लोकांनी पश्चात्ताप करावा, असा त्यांचा आग्रह होता.

म्हणजे काय झालं? प्रत्येकाच्या देवानं नेमकी ज्याच्या-त्याच्या विरोधकाला शिक्षा केली! ढिगाऱ्याखाली सापडलेल्या लहान मुलांनी काय केलं होतं, हे मात्र कोणी नीट सांगितलं नाही.

हे सगळे लोक बायबल जाणणारे होते. मग बायबल याविषयी काय म्हणतं? खरं सांगायचं तर ते एका सुरात बोलत नाही. निर्गमाच्या ग्रंथात दहा आज्ञांमध्येच असं आहे, की वडिलांच्या अपराधाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतं. दावीद राजा व्यभिचार करतो, खून घडवतो आणि मरतं कोण? त्याचं नुकतंच जन्मलेलं बाळ. पण इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, यरुशलेमचा पाडाव आणि बाबेलचा बंदिवास या काळात, संदेष्टा यहेज्केल याच समजुतीला आव्हान देतो. आंबट द्राक्षं बापानं खाल्ली आणि दात मुलाचे आंबले, ही म्हण लोकांच्या तोंडी होती. ती यापुढे वापरू नका, असं तो बजावतो. मुलानं बापाचा दोष वाहायचा नाही. बंदिवासात जन्मलेल्या पिढीला या वाक्यानं किती आधार दिला असेल, विचार करा.

तरीही एक प्रश्न उरतोच. स्वतःचाही दोष नसेल तर? तिथं ईयोबाचा ग्रंथ येतो. ऊस देशातला हा माणूस निर्दोष आहे, हे ग्रंथ पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. म्हणजे वाचकाला संशयाला जागाच ठेवत नाही. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, घर कोसळून दहा मुलं मरतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसतात. ते चांगलं करतात. चूक होते ती तोंड उघडल्यावर! तुझं काहीतरी चुकलंच असणार, असं ते अध्यायामागून अध्याय त्याला पटवत राहतात. ईयोब हटत नाही. तो थेट देवाला जाब विचारतो.

शेवटी देव वादळातून बोलतो, पण कारण सांगत नाही. एक गोष्ट मात्र तो स्पष्ट करतो, आणि आजच्या व्याख्यानातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. देवाचा राग होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा निवाडा येतो.

यातून सुखान्त शेवट काढायचाही मोह होतो. ईयोबाची मेंढरं सात हजारांची चौदा हजार होतात, उंट तीन हजारांचे सहा हजार. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच. गेलेली दहा परत येत नाहीत. ही भरपाई म्हणायची का, हे आपण प्रत्येकानं आपल्याशी ठरवायचं आहे.

नव्या करारात हा धागा पुढे जातो. लूकच्या तेराव्या अध्यायात येशूसमोर दोन बातम्यांचा विषय निघतो : पिलातानं मारलेले गालीली लोक, आणि शिलोहचा बुरूज पडून मेलेले अठरा जण. येशू उलट विचारतो, हे अठरा जण यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच नाही म्हणतो. लगेच तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हेही लपवायला नको. पण तो पश्चात्ताप जिवंत माणसांनी आपापला करायचा आहे. मेलेल्यांकडे बोट दाखवण्याची परवानगी तो देत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही, असं उत्तर येतं. देवाची कार्यं त्याच्या ठायी दिसावीत, असं कारण येशू देतो. ते सगळ्यांचं समाधान करणारं नाही. पण त्यानंतर तो मातीचा लेप करून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना कारण हवं होतं. आंधळ्याला दृष्टी हवी होती.

आता पुन्हा लिस्बनकडे येऊ. व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने या भूकंपावर १७५६ मध्ये दीर्घ कविता छापली. तिचा सवाल होता की लंडन किंवा पॅरिसपेक्षा लिस्बनमध्ये जास्त पाप होतं का? चर्चचा कडवा टीकाकार म्हणून व्होल्तेर प्रसिद्ध. पण हा सवाल ओळखीचा वाटतो ना? शिलोहच्या बुरुजाखाली येशूनं विचारलेलाच तो प्रश्न आहे. व्यासपीठावरचे धर्मोपदेशक ज्या ओळी विसरले, त्या एका टीकाकाराच्या तोंडून परत आल्या.

रूसोने त्याच वर्षी व्होल्तेरला पत्र लिहून वेगळा मुद्दा मांडला. सहा-सात मजली घरं निसर्गानं बांधली नव्हती, आणि सामान वाचवायला थांबल्यामुळेही काही माणसं मेली. म्हणजे पाप कोणाचं, या प्रश्नाच्या जागी भिंत का पडली, हा प्रश्न आला. पोर्तुगालचा मंत्री, पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याच वाटेनं गेला. प्रत्येक धर्मग्रामाला प्रश्नावली पाठवण्यात आली : धक्का किती वेळ टिकला, किती घरं पडली, समुद्र आधी वर आला की मागे हटला? नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले गेले.

पण ही अंधारातून उजेडाकडे जाण्याची सरळ गोष्ट नाही बरं का. पोंबालनं १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हाकललं. त्याची झळ गोव्यातल्या जेझुइटांनाही बसली. मालाग्रिदांना राजावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात कैद झाली. म्हातारपणी, तुरुंगात मन ढळलेल्या त्या माणसाला इन्क्विझिशननं पाखंडी ठरवलं आणि १७६१ मध्ये लिस्बनच्या चौकात गळा आवळून मारून त्यांचं शव जाळलं. व्होल्तेरनंसुद्धा या कृत्याचा धिक्कार केला. मेलेल्यांना दोषी ठरवणाऱ्या माणसाला स्वतःलाही न्याय मिळाला नाही.

तर दुःख का, याचं उत्तर या ग्रंथांनी दिलेलं नाही. पण दुःखी माणसाला काय सांगू नये, हे त्यांनी निश्चित सांगितलं आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी मूल आजारी असेल आणि कोणी पाहुणा येऊन म्हणाला असेल, मागचं काहीतरी असेल हो, तर त्या वाक्याची जखम आपल्याला माहीत आहे. भेटायला आपणही जातो. अशा वेळी ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत, आणि काही करण्यासारखं असेल तर ते करावं.

आज इथंच थांबू.