रानपिंगळ्याचे मारेकरी

लहानपणी आजीने बजावले होते, 'घुबडाला दगड मारू नकोस. ते तो दगड नदीवर नेऊन घासत बसते. दगड झिजतो तसा मारणाराही झिजतो.' या धाकाने माझ्या हातून एकही घुबड मेले नाही. रानपिंगळ्याच्या वाट्याला मात्र हे अभय आले नाही.

या छोट्या घुबडाची पहिली नोंदच मुळी मृत्यूची आहे. १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात ब्लेविट यांनी एक पक्षी मारून मिळवला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. मागे उरली संग्रहालयांतली सात कातडी. १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीला आपल्याला हा पक्षी मिळाला, असा दावा कर्नल माइनर्त्झहागेन यांनी केला होता. पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला! ही लबाडी पामेला रासमुसेन यांनी ओळखली. मांडवीचा नाद सोडून त्या जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांच्या चमूला जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

संग्राहकांच्या बंदुका गेल्या, तरी मरण टळलेले नाही. मोठे शिकारी पक्षी आहेत, घरटी लुटणारे प्राणी आहेत. या पक्ष्यांत स्वजातीयांना खाण्याचा प्रकारही अभ्यासकांनी नोंदवला आहे. पण हे सारे निसर्गक्रमातले. खरा घोर माणसाचा आहे. रानपिंगळा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे गलोलीच्या टप्प्यात सहज येतो. जादूटोण्यासाठी घुबडांचा बळी जातो. जुनी झाडे तुटली की ढोली जाते, आणि ढोली गेली की पिलांचा आसरा संपतो.

२०१४ मध्ये तो तानसाच्या जंगलात आढळला. नवनवी ठिकाणे कळत गेल्याने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले गेले. धोका थोडा कमी मानला गेला, इतकेच.

आजीची समजूत खोटी होती, पण तिने जीव वाचवले. मांत्रिकाची समजूतही खोटीच, ती जीव घेते. माझ्या नातवंडांना मी आजीचेच वाक्य सांगतो, 'घुबडाला दगड मारू नका.' कारण तेवढे बदलले आहे. घुबड उंदीर खाते, आणि हा पिंगळा तर आपल्या रानाखेरीज जगात कुठेही नाही.