राजधानी, कचेरी आणि नाका

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण मिस्साबलीत अनेकदा ऐकला आहे. पहाटेपासून दिवस कलेपर्यंत तो धनी पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि प्रत्येक वेळी तेथे उभी असलेली माणसे कामावर लावतो. अखेरच्या फेरीत भेटलेले मजूर, आपणाला कोणी कामच दिले नाही, असे सांगतात. प्रवचनकारांचे लक्ष साहजिकच धन्याच्या औदार्याकडे असते. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्या बाजाराकडे जाते. ते गाव कसले असेल? तेथील माणसांना स्वतःच्या गावात काम का नसेल? दिवस मावळेपर्यंत त्यांना तेथेच उभे राहावे लागावे, असे तेथे काय घडले असेल?

वसई-विरारच्या कोणत्याही नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहिले की हा दाखला समोर घडताना दिसतो. फावडे, घमेले आणि भाकरीचे फडके घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यात कोणाला गाव विचारावे, तर जव्हारकडचे, मोखाड्याकडचे, विक्रमगडकडचे अशी उत्तरे हमखास येतात. दिवाळी उलटली की वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांचे पाये या लोकांनी खणले आहेत. ज्या जव्हारहून ते येतात ते गाव सहाशे वर्षे एका राज्याची राजधानी होते, हे मात्र आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते.

जव्हारचे राज्य कोळी मुकणे घराण्याचे. त्याच्या स्थापनेची आख्यायिका मोठी अर्थपूर्ण आहे. मूळचा हा मुलूख एका वारली राजाचा. जयबा मुकणे याने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. वारली राजा भाबडा. त्याने ती दिली. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सारा गड वेढून घेतला. कार्थेजच्या दिदो राणीविषयी नेमकी अशीच कथा भूमध्य समुद्राच्या काठी सांगतात. तेव्हा ती इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. पण या प्रदेशात जमीन कोणाची होती आणि ती कागदाच्या, शब्दाच्या व हिशेबाच्या चलाखीने कोणाकडे गेली, याची लोकांनी जपलेली आठवण म्हणून ती मोलाची आहे. हाच प्रकार पुढे सावकारांनी केला. त्यांना कातडेही लागले नाही, अंगठ्याचा ठसा पुरला.

१३४३ साली जयबाचा वारस नेमशहा याच्या राजेपणाला दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. तेव्हापासून मुकण्यांच्या नावापुढे 'शहा' लागू लागले. वसईच्या पोर्तुगीजांचे हे डोंगरातले शेजारी. त्यांच्या कागदपत्रांत 'कोळ्यांचा राजा' डोकावतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात, कारण किनाऱ्यावरच्या सुपीक गावांना डोंगरातून उतरणाऱ्या कोळ्यांचा धाक होता. १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारच्या माळावर थांबले आणि विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला, असे परंपरा सांगते. 'शिरपामाळ' हे नाव त्या प्रसंगाचे. पुढे पेशव्यांनी संस्थानचा बराच मुलूख काढून घेतला आणि इंग्रजांच्या काळात उरले ते सुमारे ३१० चौरस मैलांचे डोंगराळ, जंगली राज्य.

त्याला लागून असलेला मोखाडा मात्र संस्थानात नव्हता. तो इंग्रजी मुलखातला, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा एक महाल. दोन्हीकडे जमीन तीच, पावसाची झोडही तीच आणि नाचणी, वरई, खुरासणी ही पिकेही तीच. एकीकडे राजा स्वतः आदिवासी घराण्यातला होता, तर दुसरीकडे गोऱ्या साहेबाचा अंमल होता. एवढा फरक असूनही दोन्हीकडच्या माणसाची गत एकच का झाली, हे पाहिले म्हणजे दोष केवळ राज्यकर्त्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

या कोड्याचे एक उत्तर लोहमार्गात आहे. मुंबई-सुरत रेल्वे १८६४ साली पूर्ण झाली ती समुद्राच्या कडेने. १८६५ च्या आरंभी दुसरी रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. जव्हार आणि मोखाडा या दोन रुळांच्या मधोमध राहिले आणि त्यांना शिवायला कोणताही रूळ आला नाही. किनाऱ्यावरची स्थानके बाजारपेठा बनली. डोंगरातले सागवान बैलगाड्यांतून खाली उतरे, मुंबईला जाई, आणि त्याचा पैसा लाकडाच्या ठेकेदाराच्या गल्ल्यात पडे. जंगल हे संस्थानच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, पण तोडीचे काम हंगामी आणि मजुरी जेमतेम. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस सावकाराकडे राबू लागे, त्याला 'लग्नगडी' म्हणत. नवऱ्याबरोबर बायकोही राबे आणि कर्ज फिटता फिटत नसे. १९४५ साली डहाणू-तलासरीकडे वारल्यांचा उठाव झाला तो याच वेठीविरुद्ध. श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांचे नाव आजही त्या भागात आदराने घेतले जाते.

जव्हारच्या राजांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या या थंड हवेच्या गावाला १९१८ सालीच नगरपालिका मिळाली. त्या काळात एवढ्याशा गावाला ही गोष्ट लहान नव्हती. संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते, आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेतही गेले. त्यांच्या कारकिर्दीत मोफत प्राथमिक शिक्षण, दवाखाने, ग्रंथालय या सोयी होत्याच. शिवाय रसायने, रंग, छपाई, कापड, स्टार्च अशा छोट्या उद्योगांनाही जव्हारमध्ये आसरा मिळाला होता. संस्थानी मुलखात उद्योग आणण्याची त्या काळी चढाओढच होती. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली आणि निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधही लहानसेच संस्थान. पण तो माळ रेल्वे स्थानकाला लागून होता. जव्हारच्या राजाजवळ जागा होती, हौस होती, दृष्टीही होती. लोखंड आणि कोळसा ज्यावरून यावा तो रूळ तेवढा नव्हता. गुलाबी दगडाचा 'जयविलास' राजवाडा आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. एका गावाला राजधानी बनवता येते. तेथे कारखानदाराने यावे अशी वाट तयार करणे ही निराळी गोष्ट आहे.

१९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजधानीचे गाव ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ठिकाण झाले. दरबार गेला आणि त्याच्या जागी कचेरी आली. पुढच्या काळात जव्हारचा सर्वांत मोठा अन्नदाता कोण, असे विचारले तर उत्तर एकच: सरकार. मामलेदार कचेरी, वनखाते, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, आश्रमशाळा, पतंगशहा कुटीर रुग्णालय. बाजारपेठेतले हॉटेल, कापडाचे दुकान, झेरॉक्सचे यंत्र हे सारे या पगारांवर आणि कचेरीत खेपा घालणाऱ्या माणसांवर चालते. सरकारी पगाराच्या आधारे उभे राहिलेले गाव नीटनेटके दिसते. पण पगार घेणाऱ्यांत त्या डोंगरातला माणूस फार उशिरा आणि फार थोड्या संख्येने आला.

दरम्यान किनारा पालटत होता. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, बोईसरला कारखान्यांची रांग लागली. मागास भागांत उद्योग जावेत म्हणून राज्याने १९६४ पासून सवलतींची योजना राबवली. तिचा लाभ घेऊन पुढे वाडा तालुक्यात पोलादाच्या भट्ट्या आणि इतर कारखाने आले, परंतु वाड्याच्या पुढे घाट चढण्याचा उत्साह कोणाला झाला नाही. कारखानदार काय पाहतो? वीज अखंड आहे का, ट्रक पावसाळ्यात पोहोचेल का, कुशल कामगार मिळेल का, बंदर किती दूर. या परीक्षेत जव्हार-मोखाडा प्रत्येक विषयात नापास होत असे, आणि नापास का होतो याची चौकशी कोणी करत नसे.

काहीजण जमिनीच्या कायद्याकडे बोट दाखवतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येऊ नये, असा बंदोबस्त १९७४ साली झाला. त्यामुळे उद्योग अडले, हा आक्षेप मला पटत नाही. तो कायदा नसता तर जव्हारच्या माळांवर कारखाने नव्हे, मुंबईकरांचे बंगले उभे राहिले असते, आणि जमिनीचा मूळ मालक त्याच बंगल्याचा माळी होऊन राहिला असता. आपल्या वसईत जमिनी कशा गेल्या हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

पाण्याची कथा याहून बोलकी आहे. या डोंगरांत पाऊस धो धो कोसळतो. वैतरणा नदीवर १९५७ साली मोडकसागर झाला, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे येथील मध्य वैतरणा धरण लोकार्पित झाले. शंभर मीटरहून उंच असे हे धरण मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देऊ शकते. ते ज्या तालुक्यात आहे तेथल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईचे कारखाने, कचेऱ्या, हॉटेले ज्या पाण्यावर चालतात त्यातले काही मोखाड्याचे आहे. नोकऱ्या तेवढ्या मुंबईत आहेत. पाणी खाली गेले, सागवान खाली गेले. मग माणूस वर का थांबेल?

१९९२ च्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावू लागली. मृतांचा आकडा शंभराच्या पुढे गेला आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आणि अन्य वरिष्ठ कचेऱ्या आल्या. म्हणजे गावाचे महत्त्व वाढले ते मुलांच्या मृत्यूंमुळे. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण घटनाक्रम तसाच आहे. २०१६ साली मोखाडा तालुक्यातल्या खोच येथे पुन्हा तेच घडले आणि पुन्हा मंत्र्यांच्या गाड्या घाट चढल्या.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला असावे, अशी तिकडच्या लोकांची जुनी मागणी होती. कचेरीवर जगणाऱ्या गावाला जिल्ह्याची कचेरी म्हणजे किती मोठा आधार, हे वेगळे सांगायला नको. निवड पालघरची झाली. कारण पुन्हा तेच: तेथे रेल्वे होती. दुग्धविकास खात्याची सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोला दिली गेली, तिने त्या बदल्यात मुख्यालयाच्या इमारती बांधल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे उद्घाटन झाले. याच सिडकोला १९९० साली वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार मिळाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह वसईकर हरित पट्टा वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. आम्ही विकास येऊ नये म्हणून लढलो. साठ-सत्तर मैलांवरचे आमचे शेजारी तो यावा म्हणून अर्ज करत होते. दोन्ही लढे खरे होते. मात्र त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही.

१९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्याच्या सीमेत आले. याचा अर्थ, नकाशापुरते का होईना, ते आपल्या घरातले झाले. न्याय्य वेतनाविषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात जे सांगितले ते मजुराने करार मान्य केला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, अशा आशयाचे आहे. दिवाळीत उचल देऊन पावसाळ्यापर्यंत कुटुंब बांधून घेणारा भट्टीवाला कागदोपत्री करारच करत असतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच बंद झाली आहे. वसईत जन्मलेल्या श्रमजीवी संघटनेला तरीही पुढची कित्येक वर्षे माणसे सोडवत फिरावे लागले.

कारखाना आला नाही, तरी काही आलेच नाही असे नाही. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७९ साली कायदा म्हणून अमलात आली. काम मागण्याचा हक्क देणारा तो देशातला पहिला कायदा. मजुरी उशिरा मिळते ही तिची जुनी व्याधी, आणि उशिरा मिळणाऱ्या मजुरीपेक्षा भट्टीवाल्याची रोख उचल भुकेल्या माणसाला जवळची वाटते. १९९० च्या दशकापासून 'बाएफ' या संस्थेने जव्हारकडे 'वाडी' रुजवली: एकरभर वरकस जमिनीत आंबा, काजू, कडेला लाकूडफाट्याची झाडे. पुढे मोगरा आला. कळ्या पहाटे खुडायच्या, टोपल्यांत भरायच्या आणि दादरच्या फूलबाजारात धाडायच्या. ज्याच्या शेतात वर्षभर पाण्याची थोडी सोय झाली तो माणूस दिवाळीनंतर घर सोडत नाही, हे तिकडे फिरणारा कोणीही पाहू शकतो. आपल्याकडच्या केळी, पानवेल आणि फुलांच्या बागायतदारांना यात नवल वाटणार नाही. विहीर हा आपल्याही पूर्वजांचा पहिला कारखाना होता.

आता किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. मच्छीमारांचा तिला विरोध आहे. मनोर-विक्रमगड-जव्हार-मोखाडा-त्र्यंबक या वाटेला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळाला असून तिचा क्रमांक १६०-अ आहे. रूळ जे करू शकला नाही ते हा रस्ता करील, असे जव्हारच्या बाजारात काहीजण म्हणतात. काहीजण हसतात.

शिमग्याच्या सुमारास मोखाड्यात बोहाडा असतो. देवदैत्यांचे मोठमोठे मुखवटे बांधून सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. भट्ट्यांवर गेलेली माणसे त्या चार दिवसांसाठी परत येतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो, तो चुकवता येत नाही. सोंग उतरले की मुखवटा घरात टांगला जातो, आणि सकाळच्या एस.टी.ने माणसे पुन्हा खाली उतरतात, पाऊस पडेपर्यंत.