साडेतीन टक्के

फेब्रुवारी १८९६. तुम्ही मुंबईत परळच्या एका कापडगिरणीत उभे आहात. साच्यांची धडधड एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाशी न्यावं लागतं. हवेत कापसाची पिंज तरंगतेय. ती विणकरांच्या केसांवर, भुवयांवर बसलीय, आता तुमच्याही बसेल.

समोर नुकताच उतरलेला ताका आहे. चाचपून पाहा. सूत जाड, त्यावर खळ भरपूर. देशी कापसाचा धागा आखूड, त्यातून वीस नंबरच्या वरचं सूत काढणं जिकिरीचं. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा नंबर. नंबर चढेल तसं सूत बारीक. म्हणून इथं प्रामुख्यानं विणलं जातं ते शेतकऱ्याच्या, हमालाच्या अंगावर जाणारं जाडंभरडं कापड. लँकेशायरहून बोटीनं येणारं तलम कापड बहुतेक वेगळ्याच गिऱ्हाइकाच्या घरी जातं.

आता कारकुनाच्या खोलीत चला. दार लावलं तरी साच्यांचा आवाज जमिनीतून पायाला लागतोच. कारकून नव्या कायद्याचा हिशेब मांडतोय: शंभर रुपयांचं कापड, सरकारला तीन रुपये आठ आणे. गिरणीत कापड विणलं म्हणून भरायचा हा कर. याच महिन्यात कायदा झाला. परदेशी कापडावर बंदरात साडेतीन टक्के जकात, आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर. दोघांना सारखा न्याय.

हे कसं घडलं, ते त्याला विचारा; गिरणगावात आज दुसरा विषय नाही. १८८२ साली परदेशी कापडावरची जकात पूर्ण उठवली होती. पुढं रुपया घसरला, तिजोरीत खड्डा पडला आणि १८९४ च्या डिसेंबरात पाच टक्के जकात पुन्हा बसवावी लागली. लँकेशायरचे गिरणीमालक खवळले. म्हणून त्याच वेळी इथल्या वीस नंबरच्या वरच्या सुतावरही पाच टक्के कर लादला गेला. कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसदस्य सर जेम्स वेस्टलँड यांनी हे लंडनच्या सूचनेवरून होत असल्याचं लपवलं नाही. तेवढ्यानंही लँकेशायरचं समाधान झालं नाही. आता परदेशी सूत जकातमुक्त झालंय, परदेशी कापडाची जकात पाचावरून साडेतीनवर आलीय आणि इथल्या गिरणीचं सगळंच कापड, जाडंसुद्धा, कराखाली आलंय.

म्हणजे तलम कापड नेसणाऱ्याचा बोजा हलका झाला आणि जाडंभरडं नेसणाऱ्याच्या डोक्यावर तो नव्यानं आला. मला यात न्याय दिसत नाही. समान वागणूक द्यायची तर आधी दोन वस्तू एकमेकींच्या जागी विकल्या जातात का, हे पाहावं लागतं. दहा नंबरच्या सुताचं धोतर आणि चाळीस नंबरची मलमल यांची स्पर्धाच नसेल, तर बरोबरी कशाची करायची? शिवाय ही बरोबरी ठरवली कुणी? ज्यांच्या मालाला तिचा फायदा होता, त्यांच्याच देशाच्या सरकारनं. पुण्यात टिळक स्वदेशीचा आग्रह धरून विलायती कापडावर बहिष्काराची हाक देताहेत, ते याच रागातून.

तीसेक वर्षं पुढं या. डिसेंबर १९२५. त्याच गिरणीत साचे बंद आहेत. मालकांनी मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कापली, म्हणून सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून संपावर आहेत. पहिल्या महायुद्धापासून जकात चढत गेली, अबकारी मात्र साडेतीन टक्क्यांवरच ठाण मांडून बसला. अखेर या महिन्यात व्हाइसरॉयनं वटहुकूम काढून तो स्थगित केला, कापलेली मजुरी परत मिळाली आणि भोंगा पुन्हा वाजला. पुढच्या वर्षी कर कायमचा गेला. कितीतरी वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे झालं नाही, ते कामगारांच्या उपाशी पोटांनी करून दाखवलं.

आता जिनिव्हा, ३० ऑक्टोबर १९४७. तेवीस देश ‘गॅट’ या व्यापार करारावर सह्या करताहेत आणि स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच महिने झालेला भारत त्यांत आहे. मसुद्याचं तिसरं कलम उघडा. बंदरातली जकात भरून माल आत आला, की तशाच देशी मालापेक्षा त्यावर जास्त कर नको, विक्रीचे नियमही त्याला जाचक नकोत. पण जकात ही जकातच. तिची भरपाई म्हणून आपल्याच मालावर कर बसवा, असं हे कलम कुणालाही सांगत नाही. १८९६ च्या बरोबरीनं बंदरातली वेसच पुसून टाकली होती. या कलमातली बरोबरी वेशीच्या आत सुरू होते. परळच्या त्या कारकुनाला हा फरक एका वाक्यात कळला असता.

या कलमाचा चटका भारतालाही बसला. सौर वीजप्रकल्पांत देशी बनावटीचेच सौरघट वापरण्याची आपली अट याच कलमाखाली २०१६ साली अमेरिकेच्या तक्रारीवरून नियमबाह्य ठरली. मग भारतानं अमेरिकेतल्या काही राज्यांच्या तशाच सवलतींवर बोट ठेवलं आणि २०१९ साली ‘गॅट’चे नियम सांभाळणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळानं भारताच्या बाजूनं निकाल दिला. अमेरिकेनं अपील केलं. पण अमेरिकेनंच नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यानं त्याच वर्षी डिसेंबरात अपिलं ऐकणारं मंडळ गणसंख्येअभावी बंद पडलं. कलम शाबूत होतं, निकालही लिहिलेला होता. अंमलबजावणी मात्र त्या अपिलापाशी अडली.