वीजग्राहकांच्या तक्रारी व त्यांचे निवाडे

जुना महजर हातीं आला म्हणजे अभ्यासक शिक्का व तारीख पाहून लागलीच हाजीरमजालशींच्या नांवांकडे वळतो. निवाडा कोणीं केला व निवाडा करणारांचा वादाशीं संबंध काय होता, हें कळल्यावांचून त्या कागदाची किंमत ठरवितां येत नाहीं. हीच कसोटी महाराष्ट्रांतील वीजग्राहकांच्या तक्रारींस लावून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. विषय अर्वाचीन खरा. परंतु त्याच्या साधनांचा काळ आतां शंभर वर्षांहून अधिक झाला आहे.

मुंबईंत वीज पुरविणारी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी इ. स. १९०५ मध्यें स्थापन झाली. पुढें इ. स. १९१० च्या विद्युत कायद्यानें परवानाधारक कंपन्या व ग्राहक यांचे संबंध बांधून दिले. मीटर बरोबर आहे कीं नाहीं असा वाद पडल्यास विद्युत निरीक्षकानें तो तोडावा, व सदोष मीटराबद्दल फार तर सहा महिन्यांचा हिशेब फिरवावा, असें त्याच्या २६ व्या कलमांत होतें. निरीक्षक सरकारनें नेमलेला असे. म्हणजे विक्रेता व निवाडा करणारा हे निराळे होते. मात्र या कलमाचा अधिकार मीटरापुरताच होता.

ता. २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. मंडळाचा आधार इ. स. १९४८ चा विद्युत पुरवठा कायदा. त्याच्या ४९ व्या कलमानें मंडळास योग्य वाटतील त्या अटींवर वीज देण्याची व दर ठरविण्याची मुभा होती. मीटराचा वाद निरीक्षकाकडे जाई. पण जोडणीस विलंब, चुकीचें बिल, जुनी थकबाकी यांविषयींची अर्जी प्रथम मंडळाच्याच कचेरींत पडे. दर ठरविणारा, वीज विकणारा व गाऱ्हाणें ऐकणारा एकच झाला. दिवाणी न्यायालय होतेंच, इ. स. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें विजेचा पुरवठा ‘सेवा’ या संज्ञेंत घातल्यानें आणखी एक द्वार उघडलें.

सुधारणेचा आरंभ दरापासून झाला. इ. स. १९९८ च्या कायद्यान्वयें ता. ५ ऑगस्ट १९९९ रोजीं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वांत आला व दर ठरविण्याचा अधिकार मंडळाकडून निघाला. नंतर इ. स. २००३ च्या विद्युत कायद्यानें जुने कायदे रद्द केले. आणि जून २००५ मध्यें मंडळाचे विभाग पडून वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. तक्रारींच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें ४२ वें कलम. प्रत्येक वितरण परवानाधारकानें आयोगाच्या नियमांप्रमाणें ग्राहक तक्रार निवारण मंच स्थापावा, व त्याच्या निर्णयानें समाधान न झाल्यास ग्राहकानें आयोगनियुक्त विद्युत लोकपालाकडे जावें, अशी त्यांत योजना आहे.

आयोगानेंच वैयक्तिक तक्रारी ऐकाव्या कीं काय, हा प्रश्न मुंबईंतील वाढीव बिलांच्या प्रकरणांतून सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. इ. स. २००७ मध्यें न्यायालयानें ठरविलें कीं, आयोगानें परवानाधारकांस सर्वसाधारण निर्देश द्यावे. एकेका ग्राहकाचा तंटा मंच व लोकपाल यांनींच तोडावा. तेणेंकरून मंचाचें महत्त्व फार वाढलें.

आतां हाजीरमजालशींकडे पाहूं. इ. स. २००६ च्या विनियमांप्रमाणें मंचावर तीन सभासद असत: एक अध्यक्ष, एक परवानाधारकाचा अधिकारी व एक ग्राहकसंस्थेचा प्रतिनिधि. निर्णयास मुदत दोन महिन्यांची असे. ग्राहकपक्षास आसन मिळालें, ही मंडळाच्या काळाहून निश्चित प्रगति होय. परंतु ज्याच्याविरुद्ध फिर्याद, तोच मंच स्थापितो व त्याचा अधिकारी निवाड्यास बसतो, हेंही कागदावर स्पष्ट आहे. म्हणून मंचाचा निवाडा वाचतांना सभासदांत मतभेद होता काय, असल्यास कोणाचा, व लोकपालानें पुढें काय केलें, हें पाहिल्याखेरीज अनुमान काढूं नये. मंचाची खरी परीक्षा लोकपालाच्या निर्णयांत होते, कारण त्याची नेमणूक परवानाधारकाच्या हातीं नाहीं.

अशा प्रकरणांत तारखांचें मोल फार आहे. ४३ व्या कलमानें अर्ज पोंचल्यापासून एक महिन्याच्या आंत वीज देणें हें परवानाधारकाचें कर्तव्य ठरविलें. कसूर केल्यास दररोज एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. मात्र जेथें नवीन तारा वा उपकेंद्र उभारावें लागे, तेथें अधिक मुदतीची सोय आहे. ५६ व्या कलमांत दोन वर्षांहून जुन्या थकबाकीच्या वसुलीस मर्यादा आहे. ती रक्कम सतत बाकी म्हणून दाखविली असल्यास मात्र ही मर्यादा लागत नाहीं. म्हणजे अर्जाची पोंच अथवा एखादें जुनें बिल, एवढ्यावरच ग्राहकाचा हक्क उभा राहतो किंवा पडतो.

निवाड्यांच्या प्रती कचेऱ्यांत राहतील. परंतु ग्राहकाचा मूळ अर्ज, पोंच, बिलें व नोटिसा घरोघर विखुरलेल्या आहेत व त्या रद्दींत जातात. दफ्तर एकाच पक्षाचें उरलें म्हणजे इतिहासही एकाच पक्षाचा होतो, हा अनुभव आपणांस जुन्या वतनतंट्यांत पुष्कळ आला आहे. तरी संग्राहकांनीं असे कागद प्रकरणवार एकत्र बांधून, तारीख व गांव नोंदवून जतन करावे, अशी विनंति आहे.