पारेसिया

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’च्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान यांचे ‘धैर्य’ पाहून यरुशलेमची धर्मसभा चकित होते. मूळ ग्रीक शब्द ‘पारेसिया’. ‘पान’ म्हणजे सगळे, ‘ऱ्हेसिस’ म्हणजे बोलणे. पोटात काही न ठेवता बोलणे. शब्द मुळात धार्मिक नाहीच. इ.स.पूर्व पाचव्या शतकात युरिपिडीसच्या नाटकांत तो येतो तो अथेन्सच्या नागरिकाचा हक्क म्हणून. गुलामाला तो हक्क नव्हता. आणि इथे तोच शब्द गालीलच्या दोन कोळ्यांसाठी वापरलाय, ज्यांना त्याच वाक्यात अशिक्षित म्हटले आहे! पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वाक्यातही तो पुन्हा भेटतो: पौल रोममध्ये, पहाऱ्यात, भाड्याच्या घरात, आणि बोलणे मात्र मोकळे.

‘धैर्य’ हे भाषांतर चुकीचे नाही, पण ते छातीत असते, पारेसिया जिभेवर. आपली ‘अधिकारवाणी’ जवळची खरी, पण तिला खुर्चीचा वास येतो, आणि या कोळ्यांकडे खुर्ची कुठली?

खुर्चीशिवायच्या अशा मोकळ्या बोलण्याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. नंतर तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनना त्यांनी पत्रांतून रोखठोक कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकले ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे. श्रद्धा सोडली नाही, वादही सोडला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी स्वतःच हाती घेतले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.