कारची चावी हरवली तर? नुसती कापलेली चावी गाडी का सुरू करत नाही, समजून घ्या

कुलपाची चावी हरवली तर चावीवाला कानस घासून थोड्या वेळात नवी चावी हातात देतो. कारचं तसं नसतं. हुबेहूब कापलेली चावी दरवाजा उघडते, इग्निशनमध्ये फिरतेही, पण गाडी सुरू होत नाही. किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं.

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न जास्त अवघड होतो. इथून अहिल्यानगर साधारण 75 किलोमीटर. एकुलती एक चावी हरवली आणि गाडी टोचन करून तिथल्या शोरूमला न्यावी लागली, तर तो खर्च वेगळाच. म्हणून चावी नेमकी काम कशी करते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

चावीत असतं काय?

आजकालच्या बहुतेक चाव्यांमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पहिलं, धातूचं पातं. ते फक्त कुलूप फिरवतं.

दुसरी, प्लॅस्टिकच्या मुठीतली छोटी चिप, म्हणजे ट्रान्सपाँडर. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झच्या लहरी निघतात आणि चिपला तेवढ्यापुरती वीज त्यातूनच मिळते. मग गाडी चिपला एक आकडा पाठवते, चिप आपल्या गुप्त कोडने त्याचं उत्तर काढते. उत्तर जुळलं तरच इंजिन चालू राहतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात.

तिसरा, दरवाजा लॉक-अनलॉक करणारा रिमोट. त्याला सेल लागतो. म्हणूनच सेल संपला की बटण चालत नाही, पण चावी फिरवून गाडी सुरू होते.

पुश बटणाच्या गाडीतही सेल संपला म्हणून घाबरायचं कारण नाही. स्मार्ट चावीत दरवाजासाठी एक छोटं पातं लपवलेलं असतं. बहुतेक मॉडेलमध्ये चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा ठरावीक खाचेत ठेवून गाडी सुरू करता येते. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

एवढी भानगड कशासाठी?

चोरीसाठी. युरोपियन युनियनने 1998 पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर सक्तीचा केला. तो नसला तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथे विकलेल्या किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इमोबिलायझर नव्हता. 2021-22 च्या सुमारास टिकटॉकवर त्या गाड्या चोरण्याचे व्हिडिओ व्हायरल झाले आणि चोऱ्यांची लाट आली. शेवटी कंपन्यांना ग्राहकांशी कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली.

प्रोग्रॅमिंग म्हणजे काय करतात?

सोप्या भाषेत, गाडीला नव्या चावीची ओळख करून देतात. स्टिअरिंगच्या खाली 16 पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. तिथे मशिन जोडून, गाडीचा सिक्युरिटी कोड वापरून नव्या चिपची नोंद गाडीच्या मेमरीत करतात. तो कोड काही गाड्यांमध्ये पिन असतो, काहींमध्ये कंपनीच्या सर्व्हरवरून घ्यावा लागतो. रिमोटची जोडणी बऱ्याचदा वेगळी करावी लागते.

दुसरा प्रकार क्लोनिंगचा. यात जुन्या चिपची हुबेहूब नक्कल काढतात. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. काम लवकर होतं, पण पुढे त्यातली एक हरवली तर तेवढीच बाद करता येत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी वापरलेली चावी घेताना जपून. अनेक चिप पहिल्या गाडीशी कायमच्या बांधलेल्या असतात, त्या दुसऱ्या गाडीला चालत नाहीत.

एक चावी शिल्लक असेल तर?

तर काम सोपं आणि स्वस्त. एकही चावी नसेल तर पात्याचा नंबर शोधणं, कोड काढणं, कधीकधी कंट्रोल युनिट काढून त्यातला डेटा वाचणं, असं काम वाढत जातं. त्यामुळे दुसरी चावी बनवायची योग्य वेळ म्हणजे पहिली हातात असताना.

हरवलेली चावी कुणाला सापडली तर?

नवी चावी मिळाली की बरेच जण विषय संपला असं समजतात. पण जुनी चावी गाडीच्या मेमरीत असेपर्यंत ती गाडी सुरू करू शकते. प्रोग्रॅमिंगच्या वेळीच तिची नोंद काढून टाकायला सांगा. त्यासाठी घरातल्या उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण काही गाड्यांमध्ये समोर नसलेली चावी आपोआप बाद होते.

नोंद काढली तरी जुन्या पात्याने दरवाजा उघडतोच. तो धोका नको असेल तर लॉक सेट बदलावा लागतो. जुनी गाडी घेताना एकच चावी मिळाली, तरी हाच नियम.

काय काय करायचं?

- पोलीस ठाण्यात चावी हरवल्याची नोंद करा.
- विमा कंपनीला कळवा. पॉलिसीत चावीचं ॲड-ऑन कव्हर असेल तर खर्च मिळू शकतो. गाडी चोरीला गेली, तर क्लेमच्या वेळी कंपन्या सहसा मूळ चाव्या मागतात.
- आरसी, ओळखपत्र आणि चावीसोबत आलेला नंबरचा टॅग जवळ ठेवा.
- चावीवाला जागेवर येणार असेल तर आधी विचारा: आमच्या मॉडेलचं काम होतं का? प्रोग्रॅमिंग करणार की क्लोन? रिमोट धरून एकूण किती? जुनी चावी बाद होईल का? बिल मिळेल का?
- कागदपत्रं न बघता चावी बनवून देणाऱ्यापासून लांब राहा. तो तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही तशीच देईल.

आणि नवी गाडी घेतल्यावर चावीचा फोटो स्टेटसला टाकायचा मोह होतोच. तेव्हा पातं आणि नंबरचा टॅग झाकलेला ठेवा. स्पष्ट फोटोवरून पात्याच्या खाचा मोजून नक्कल कापता येते.